ऐंशी एकर, शंभर डॉलर आणि आमचे सात गुंठे

कोलंबस म्हटलं की बहुतेकांना ओहायोची राजधानी आठवते. मी राहते ते कोलंबस इंडियानातलं, इंडियानापोलिसच्या दक्षिणेला, गाडीने तासाभराच्या आत. 2020 च्या जनगणनेत इथली लोकसंख्या 50,474 होती. इंडियानात 92 काउंट्या आहेत आणि प्रत्येकीचं एक मुख्य ठिकाण आहे. कोर्ट, तुरुंग, जमिनीची दप्तरं, कराच्या खिडक्या, लग्नाचे परवाने हे सगळं तिथे एका चौकाच्या आसपास सापडतं. बार्थोलोम्यू काउंटीचं असं ठिकाण म्हणजे आमचं गाव. पुण्याच्या लोकांना ते ठाऊक असतं कमिन्स कंपनीमुळे. क्लेसी कमिन्स हा आयर्विन घराण्याचा ड्रायव्हर आणि मेकॅनिक. डब्ल्यू. जी. आयर्विन या बँकवाल्याने त्याच्या डोक्यातल्या डिझेल इंजिनावर पैसे लावले आणि 1919 मध्ये कंपनी उभी राहिली. 1962 मध्ये किर्लोस्करांबरोबर पुण्यात तिची शाखा निघाली, आणि तेव्हापासून कोथरूड-कर्वेनगरची माणसं या मक्याच्या शेतांमधल्या गावात येत-जात आहेत. मीही कर्वेनगरच्या कमिन्स कॉलेजात शिकले आणि नोकरीने इकडे आले.

काही वर्षं भाड्याने राहिल्यावर आम्ही घर घ्यायचं ठरवलं. आपली माणसं सहसा गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत घर घेतात. नवं बांधकाम, मोठं गराज, शेजारी दोन-तीन मराठी घरं, गणपतीत एकमेकांकडे आरतीला जायची सोय. आम्हाला मात्र डाउनटाउनच्या पूर्वेचं एक जुनं लाकडी घर आवडलं. 1920 च्या दशकातलं, पुढे प्रशस्त ओसरी, मागे अक्रोडाचं झाड. ऑफर दिली, थोडी घासाघीस झाली, इन्स्पेक्टरने पोटमाळ्यापासून तळघरापर्यंत सगळं तपासून अहवाल दिला, बँकेने कर्ज मंजूर केलं. हे सगळीकडे होतं तसंच झालं, त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही.

खरी गोष्ट सुरू झाली बाबांच्या फोनपासून. बाबा वाई तालुक्यातले. आजोबा गेल्यावर वारस नोंद लावून घेण्यासाठी त्यांनी तलाठ्याकडे आणि तहसीलला घातलेल्या खेपा मी लहानपणी पाहिल्या आहेत. घर ठरल्याचं सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न, "सातबारा बघितलास का गं?"

"इथे सातबारा नसतो, बाबा."

"मग मालक कोण हे ठरतं कशावरून?"

प्रश्न अगदी रास्त होता आणि मला उत्तर येत नव्हतं. ते शोधायला मी निघाले.

उत्तर असं की, मालक कोण हे सरकार सांगतच नाही. काउंटीच्या रेकॉर्डर कार्यालयात खरेदीखतं, गहाणखतं, गहाण सुटल्याचे दाखले आणि वस्त्यांचे नकाशे आणून दिले की नोंदवले जातात, एवढंच. विकणारा खरोखर मालक होता का, याची हमी रेकॉर्डर देत नाही. आपल्याकडे दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातही दस्त नोंदवला जातो, मालकीची हमी मिळत नाही, तसंच हे. आपण वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घेतो. इथे टायटल कंपनी मालकांची साखळी तपासते. इंडियानाच्या कायद्यात पन्नास वर्षांमागच्या दस्तापासून साखळी सलग असली की सहसा भागतं. आणि एवढं करूनही चूक निघाली तर म्हणून टायटल इन्शुरन्स असतो. त्याचा हप्ता एकदाच भरायचा, व्यवहाराच्या दिवशी.

बाबांना हे सांगितलं. ते म्हणाले, "पन्नास वर्षांच्या आधीचं कोण बघणार मग?"

मी बघणार, असं मी ठरवलं.

रेकॉर्डरचं कार्यालय तिसऱ्या रस्त्यावर, कोर्टापासून चालत दोन मिनिटांवर. कोर्टाची इमारत 1874 ची. आयझॅक हॉजसन या आर्किटेक्टने बांधलेली, लाल विटा, कोपऱ्यांना चुनखडीचा दगड, वर घड्याळाचा उंच मनोरा. गावात कुठेही असा, तो मनोरा दिसतो. समोरच्या हिरवळीवर काउंटीच्या शहीद सैनिकांचं स्मारक आहे. 25 चौकोनी दगडी खांब, प्रत्येक चाळीस फूट उंच, पाच ओळींत पाच. लांबून नुसते खांब वाटतात. आत शिरलं की त्यांच्यावर कोरलेली पत्रं दिसतात, युद्धावर गेलेल्या मुलांनी घरी लिहिलेली. आईला, बायकोला, भावाला. पिकाची चौकशी, घरातल्यांची खुशाली. रेकॉर्डरकडे जाताना मी दर वेळी त्या खांबांमधून गेले आणि दर वेळी एखादं पत्र वाचून पुढे झाले.

कार्यालयात मी अगदी आपल्याकडच्या तयारीने गेले होते, ओळखपत्रं, कराराची प्रत, सगळं घेऊन. खिडकीवरच्या बाईंनी त्यातलं काहीच मागितलं नाही. कुठलं घर बघायचंय एवढं विचारलं. मी विकत घेणार आहे की सहज बघायला आले आहे, हेही विचारलं नाही. हे कागद कुणालाही पाहता येतात. शेजाऱ्याचं गहाणखत पाहता येतं, न्यायाधीशाच्या घराचं खरेदीखत पाहता येतं, कमिन्सच्या जागेचंही. नकला हव्या असतील तर पानामागे पैसे द्यायचे. महाराष्ट्रात आता सातबारा ऑनलाइन दिसतो, ही फार मोठी सोय झाली. पण बाबांच्या त्या खेपा आठवणाऱ्या माणसाला, कुठलाही प्रश्न न विचारता दप्तर पुढे सरकवणारी खिडकी पाहून काय वाटतं ते वेगळं सांगायला नको.

रेकॉर्डर हे पद निवडणुकीचं आहे. चार वर्षांची मुदत, आणि बारा वर्षांच्या काळात आठ वर्षांहून जास्त त्या पदावर राहता येत नाही, असं इंडियानाच्या राज्यघटनेतच आहे. ऑडिटर, ट्रेझरर, असेसर, क्लर्क, सर्व्हेअर, शेरीफ, इतकंच काय, संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा कॉरोनरही मतदानाने निवडला जातो. ही माणसं गावातलीच. जुलैत काउंटीची जत्रा भरते. मुलं आपण वाढवलेल्या गाई, डुकरं, कोंबड्या घेऊन येतात, बक्षिसं असतात. तिथे ज्यांच्या शेजारी उभं राहून आपण लिंबू सरबत पितो, तेच सोमवारी खिडकीपलीकडे असतात. गैरव्यवहार इथे होतच नसतील असं मी म्हणत नाही. पण दप्तर सांभाळणाऱ्याला ओळखीच्या माणसांपुढे मतं मागायला जावं लागतं, याचा परिणाम खिडकीवर दिसतो असं माझं मत झालं आहे.

मधल्या काळात घर विकणाऱ्या भावंडांनी एक वस्तू आणून दिली. आईवडिलांच्या कपाटात सापडली म्हणाले, आता घराबरोबर तुम्हीच ठेवा. जाड पुठ्ठ्याच्या वेष्टनात वरच्या कडेला बांधलेला, पानं वर उलटत वाचायचा टाइप केलेल्या कागदांचा गठ्ठा. टायटल इन्शुरन्स रूढ होण्याआधी असा गठ्ठा प्रत्येक जागेचा असायचा. जमिनीवरच्या एकूण एक दस्ताचा सारांश त्यात पहिल्यापासून क्रमाने लिहिलेला असतो, आणि जागा विकली की तो नव्या मालकाकडे जातो. जुन्या पोथीसारखा तो गठ्ठा मी टेबलावर उघडला आणि रात्रीचं जेवण राहून गेलं.

पहिल्या पानावर विकणाऱ्याचं नाव होतं, युनायटेड स्टेट्स. घेणारा एक शेतकरी. साल 1820 च्या दशकातलं. क्षेत्र ऐंशी एकर.

ऐंशी एकरच का, तेही कळलं. 1820 च्या जमीन कायद्याने सरकारी जमिनीचा किमान भाव एकराला सव्वा डॉलर ठरला, उधारी बंद झाली आणि कमीत कमी ऐंशी एकर घेता येऊ लागले. म्हणजे रोख शंभर डॉलर मोजले की शेतकरी मालक. सनदेवर राष्ट्राध्यक्षाचं नाव. या सरकारी सनदांच्या प्रती आता संकेतस्थळावर फुकट बघता येतात. मी शोधली, सापडली.

जमिनीचं वर्णन तर मला तोंडपाठ झालं आहे. अमक्या सेक्शनच्या अमक्या चौथाईचा अर्धा भाग, अमकी टाउनशिप उत्तर, अमकी रेंज पूर्व. 1785 च्या अध्यादेशाने ठरलेली ही मोजणी. सहा मैल लांब, सहा मैल रुंद चौकोन म्हणजे टाउनशिप. तिचे 36 सेक्शन, प्रत्येक एक मैल चौरस, 640 एकरांचा. सोळावा सेक्शन शाळेसाठी राखलेला. मोजणीदार 66 फुटी साखळी घेऊन जंगलातून सरळ चालत गेले, कोपऱ्यावर खुंट ठोकले, जवळच्या झाडांवर खुणा केल्या. आजही विमानातून इंडियाना पाहिलं तर रस्ते आणि शेतांचे बांध त्याच रेषांवर दिसतात.

इथे मला फार आनंद झाला. मुंबई इलाख्याच्या मोजणीत वापरली ती साखळी 33 फुटांची, या 66 फुटी साखळीच्या बरोबर निम्मी. तिचे सोळा आणे पाडलेले. त्या साखळीचा चौरस म्हणजे आपला गुंठा, 33 गुणिले 33, 1089 चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. म्हणजे वाईच्या शिवारात आणि बार्थोलोम्यूच्या जंगलात एकाच मापातून निघालेल्या साखळ्यांनी जमीन मोजली गेली. बाबांनी फोनवर विचारलंच होतं, "प्लॉट किती गुंठे?" मी हिशेब करून सांगितलं, पन्नास फूट रुंद, दीडशे फूट खोल, सात गुंठ्यांना थोडा कमी. ते खूश झाले. त्यांच्या दृष्टीने घर तेव्हा कुठे जमिनीवर आलं.

पण त्या पहिल्या पानाने मला अस्वस्थही केलं. साखळी युनायटेड स्टेट्सपासून सुरू होते. त्यांना ही जमीन कुणी दिली? गठ्ठ्यात त्याचा कागद नाही. तो इतिहासाच्या पुस्तकात आहे. ऑक्टोबर 1818 मध्ये ओहायोतल्या सेंट मेरीज इथे तह झाले. लेनापे, ज्यांना इंग्रज डेलावेअर म्हणत, आणि मायामी या अमेरिकेच्या मूळ रहिवाशांकडून मध्य इंडियानाचा मोठा पट्टा घेतला गेला. लेनापे लोकांना तीन वर्षांची मुदत मिळाली. मुळात ते अटलांटिक किनाऱ्याचे, आधीच पिढ्यान्‌पिढ्या पश्चिमेकडे ढकलले गेलेले. तहात लिहिलं आहे की मिसिसिपीपलीकडे जाण्यासाठी सरकार त्यांना 120 घोडे देईल, एकेका घोड्याची किंमत चाळीस डॉलरपेक्षा जास्त नसेल, आणि पुरेशा होड्या व शिधा देईल. घोड्याच्या किमतीवरसुद्धा मर्यादा घातली होती. त्या तीन वर्षांची मुदत संपायच्या आतच, 1821 च्या सुरुवातीला, ही काउंटी स्थापन झाली. तिला नाव दिलं जनरल जोसेफ बार्थोलोम्यू यांचं, 1811 च्या टिपेकनूच्या लढाईत जखमी झालेले ते सेनानी. ती लढाई मूळ रहिवाशांच्या आघाडीविरुद्धचीच.

मी पुढे ज्या कागदांवर सही करणार होते त्यांची मुळं इथपर्यंत जातात, हे माहीत असायला हवं असं मला वाटतं. आमच्याकडे कोयना धरणात गावं गेलेली माणसं नात्यात आहेत. त्यांना मिळालेल्या मोबदल्याच्या आकड्यांवर अजून घरात बोलणं होतं. 120 घोडे वाचल्यावर मला तेच आठवलं.

गावाच्या नावाचीही एक कथा आहे. जनरल जॉन टिप्टन आणि ल्यूक बोनस्टील यांनी 1820 मध्ये इथे जमिनी घेतल्या आणि गाव वसलं. आधी नाव ठेवलं टिप्टोना. मार्च 1821 मध्ये ते बदलून कोलंबस केलं. टिप्टन रागावून निघून गेला आणि पुढे राज्याचा रस्ता बांधायचं काम हाती आलं तेव्हा त्याने तो मुद्दाम गावाला वळसा घालून नेला, असं लोक अजून सांगतात. राग आला होता याचा पुरावा नाही, पण सांगणाऱ्यांना गोष्ट आवडते, आणि मलाही.

गठ्ठ्यातलं चौथं-पाचवं पान मी सगळ्यांना दाखवते. 1830 च्या आसपासचं खरेदीखत. नवराबायकोने मिळून जमीन विकली. खाली नोंद आहे की पत्नीला नवऱ्यापासून बाजूला घेऊन विचारण्यात आलं, ती आपला विधवाहक्क, म्हणजे नवऱ्यामागे त्याच्या जमिनीच्या हिश्शावर हयातभर मिळणारा हक्क, राजीखुशीने सोडते आहे का, नवऱ्याची सक्ती किंवा भीती तर नाही ना. तिने हो सांगितलं. तिला लिहिता येत नव्हतं. नवऱ्याची सही आहे, तिच्या नावापुढे फुली, आणि दोन्ही बाजूंना अधिकाऱ्याच्या शब्दांत "तिची खूण". मूळ वहीतली नक्कल मी रेकॉर्डरकडे काढून घेतली. कारकुनाचं अक्षर सुरेख, लफ्फेदार, आणि त्यात मधेच ती छोटी फुली, कारकुनाने तीही हुबेहूब उतरवलेली.

तो विधवाहक्क इंडियानाने 1852 मध्ये रद्द केला आणि विधवेला एक तृतीयांश हिस्सा मालकीने दिला. 1850-51 च्या घटनापरिषदेत रॉबर्ट डेल ओवेन यांनी विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या हक्कासाठी पुन्हा पुन्हा ठराव मांडला होता आणि तो हरला होता. त्यानंतरच्या दस्तांमध्ये हळूहळू बदल दिसतो. बायकांच्या सह्या येऊ लागतात. 1900 च्या पुढे एका दस्तात एकटी विधवा विकणारी आहे, सगळी मालकी तिचीच. आमच्या दस्तात माझं नाव आधी आणि नवऱ्याचं नंतर आहे. टायटल कंपनीच्या माणसाने कुठलं आधी घालू एवढंच विचारलं होतं.

मधल्या पानांत गावाचा इतिहास पावलापावलाने येतो. 1844 मध्ये मॅडिसनहून आगगाडी कोलंबसपर्यंत आली आणि त्यानंतरच्या विक्रीत भाव चढलेले दिसतात. गावात कातडी कमावण्याचे, कप्पी-पट्ट्यांचे कारखाने निघाले, मक्याचे पापुद्रे करणारी सेरिअलाइन गिरणी निघाली. त्या गिरणीची जुनी इमारत आज कमिन्सच्या मुख्य कार्यालयात आहे, केव्हिन रोशने नव्या इमारतीचा आराखडा करताना ती तशीच ठेवली. आम्ही दुपारी तिथे जेवतो. शेतं आक्रसत गेली, ऐंशीचे चाळीस झाले, चाळीसचे दहा, आणि मग एक दिवस जमीन एकरांत मोजणं थांबलं. वस्तीचा नकाशा नोंदला गेला, गल्ल्या पडल्या, आमचा तुकडा एका क्रमांकाचा प्लॉट झाला.

त्या नकाशाबरोबरच्या अटी मी श्वास रोखून वाचल्या. अमेरिकेत त्या काळच्या असंख्य वस्त्यांच्या कागदांत अट असायची की इथलं घर गोऱ्यांखेरीज कुणाला विकायचं नाही. 1948 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा अटी न्यायालयामार्फत अमलात आणता येणार नाहीत असा निर्णय दिला आणि 1968 च्या कायद्याने घराच्या व्यवहारातला भेदभाव बेकायदा ठरवला, पण जुन्या दप्तरांत ती वाक्यं तशीच राहतात. आमच्या कागदांत गुरं ठेवू नयेत, रस्त्यापासून इतके फूट सोडून बांधावं, एवढंच होतं. मी पुन्हा एकदा वाचून खात्री केली. ती अट सापडली असती तरी व्यवहार अडला नसता, पण मग त्या ओसरीवर मी कशी बसले असते, मला सांगता येत नाही.

इतिहास असा वाचत असतानाच टायटल कंपनीचा फोन आला. साखळीत अडचण होती. आधीच्या मालकांनी घेतलेलं एक जुनं कर्ज फेडलेलं होतं, पण फेडल्याचा दाखला कर्ज देणाऱ्या संस्थेने कधी नोंदवलाच नव्हता. दप्तराच्या दृष्टीने घर अजून गहाण. ती संस्था दुसरीत विलीन झालेली, दुसरी तिसरीत. घर विकणाऱ्या भावंडांची धावपळ झाली. वडिलांच्या फायलीतून शेवटच्या हप्त्याची पावती मिळाली, तिच्या आधारे तिसऱ्या संस्थेकडून दाखला काढला, तो नोंदवला गेला, आणि आमची तारीख पुढे गेली. बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बोजा कमी करून घेतला ना? मग झालं." सातबाऱ्याच्या इतर हक्कात चढवलेला सोसायटीचा बोजा त्यांनीही असाच झगडून उतरवला होता.

दुसरी चिंता पाण्याची होती. कोलंबस हे नद्यांचं गाव. ड्रिफ्टवुड आणि फ्लॅटरॉक या नद्या इथेच मिळतात आणि व्हाइट नदीचा पूर्व फाटा तयार होतो. पूर्वेकडून हॉ क्रीक हा ओढा येतो. 7 जून 2008 रोजी एका रात्रीतल्या पावसाने हॉ क्रीकला असा पूर आला की रुग्णालय रिकामं करावं लागलं. कर्ज देणाऱ्या बँका पूररेषेचा नकाशा बघतात. आमचं घर रेषेबाहेर निघालं, म्हणजे पुराचा विमा सक्तीचा नाही. मी तेवढ्यावर थांबले नाही, शेजारच्या आजींना जाऊन विचारलं. त्यांनी पायरी दाखवली, पाणी इथपर्यंत आलं होतं. तुमच्या घराची जमीन थोडी उंच आहे, तळघरात मात्र शिरलं होतं. आम्ही विमा घेतला.

या सगळ्यात माझा सर्वांत आवडता मुक्काम म्हणजे वाचनालय. आय. एम. पे या आर्किटेक्टने बांधलेलं, 1969 चं. दारासमोरच्या विटांच्या चौकात शिल्पकार हेन्री मूरची भली मोठी कमान, मुलं तिच्याखालून पळत असतात. इतक्या लहान गावात हे सगळं आलं ते जे. आयर्विन मिलर यांच्यामुळे. कमिन्सचे प्रमुख, आणि कंपनीत पैसे घालणाऱ्या त्या आयर्विन घराण्यातलेच. युद्धानंतर गाव वाढत होतं, शाळा घाईघाईत बांधल्या जात होत्या. मिलर यांनी सांगितलं की शाळा मंडळाने आम्ही दिलेल्या यादीतला नामवंत आर्किटेक्ट निवडला तर त्याची फी कमिन्स फाउंडेशन भरेल. पहिली अशी शाळा 1957 ची, हॅरी वीजने केलेली. पुढे अग्निशमन केंद्रं, तुरुंगसुद्धा चांगल्या आर्किटेक्टांचे. जगभरातून विद्यार्थी ते बघायला येतात. गावकऱ्यांना यातल्या बऱ्याच इमारती रोजच्याच. लोक तिथे पुस्तकं बदलतात, टपालाची पाकिटं टाकतात, आणि वॉशिंग्टन स्ट्रीटवर झहाराकोसमध्ये आइस्क्रीम खातात. ते दुकान 1900 पासूनचं आहे आणि त्यात अजून वाजणारा एक महाकाय यांत्रिक वाद्यवृंद आहे. वाचनालयात स्थानिक इतिहासाचं वेगळं दालन आहे. आमच्या गल्लीचे विम्याच्या कामासाठी काढलेले जुने नकाशे मला तिथे मिळाले. लाकडी घर पिवळ्या रंगात, विटांचं गुलाबी. आमचं घर पिवळं, ओसरी तुटक रेषेने दाखवलेली.

व्यवहाराच्या दिवशी टायटल कंपनीच्या टेबलावर कागदांची चळत होती आणि त्यातले बहुतेक कर्जाचे. खरेदीखत एकच पान. त्यावर फक्त विकणाऱ्यांच्या सह्या, नोटरीसमोर. घेणाऱ्याने सही करायचीच नसते. ना फोटो, ना अंगठा, ना दोन साक्षीदार. दस्तावर मुद्रांक शुल्क नाही, कारण इंडियानात घराच्या हस्तांतरणावर करच नाही. नोंदणीचे सरसकट पंचवीस डॉलर. पुण्यात फ्लॅट घेताना मुद्रांकासाठी किती लाख बाजूला काढले होते ते आठवून नवरा दोनदा आकडा तपासत होता.

दस्त थेट रेकॉर्डरकडे जात नाही. आधी ऑडिटर त्यावर शिक्का मारतो, करासाठी नोंद घेतली असा. आपला फेरफार तोच. तो शिक्का नसेल तर रेकॉर्डर दस्त परत करतो. विक्रीची किंमत आणि तपशील लिहिलेला फॉर्म करासाठी घराचं मूल्य ठरवणाऱ्या असेसरकडे जातो आणि बिल पाठवतो ट्रेझरर. जे काम बाबांना तलाठी, मंडळ अधिकारी आणि निबंधक यांच्यात फिरून करावं लागलं ते इथे चार निवडून आलेल्या खात्यांत वाटलेलं आहे, एवढंच की चारही एका चौकात. स्वतः राहतो त्या घराच्या सवलतीचा अर्ज मी ऑडिटरच्या खिडकीवर दिला. 2010 पासून इंडियानाच्या घटनेत लिहिलेलं आहे की अशा घराचा कर त्याच्या मूल्याच्या एक टक्क्यावर जाऊ नये, भाड्याच्या घराला दोन, दुकानांना तीन.

पहिलं बिल आलं. दोन हप्ते, 10 मे आणि 10 नोव्हेंबर, आणि कर मागच्या वर्षाचा. कुठला पैसा कुणाला ते सगळं छापलेलं, काउंटी, टाउनशिप, शहर, शाळा, वाचनालय. वाचनालयाच्या रकमेवर मी बोट ठेवून नवऱ्याला दाखवलं. मग मूल्यांकनाचा तपशील नीट वाचला तर त्यात तळघर राहण्यायोग्य केलेलं असं लिहिलेलं. आमच्या तळघरात कच्च्या भिंती, पाणी उपसायचा पंप आणि नवऱ्याची हत्यारं. असेसरच्या कार्यालयात गेले. त्यांनी जुनं कार्ड काढलं, 2008 च्या आधी तिथे खरोखर खोल्या होत्या, पुरानंतर काढून टाकलेल्या दिसतात म्हणाले. एक माणूस टेप घेऊन घरी आला, खाली उतरला, दोन फोटो काढले, भिंतीवरची पाण्याची रेघ मोजून वहीत लिहिली. पुढच्या वर्षीच्या बिलात तळघराचं मूल्य उतरलं होतं. दुरुस्त केलेल्या कार्डाची प्रत मी गठ्ठ्याच्या शेवटच्या पानामागे लावली, आमच्या खरेदीखताच्या खाली.